वाचकांचे प्रश्न : बी.एड.ची जागा आणि तिचा खरा खर्च

बी.एड.च्या प्रवेशाबद्दल आलेल्या पत्रांत दोन काळज्या सारख्या डोकावतात : जागा मिळेल का, आणि मिळाली तर पैसे कुठून आणायचे. दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. राज्यात खरी चुरस असते ती शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या मोजक्या जागांसाठी. मुंबईचे १९०६ सालचे माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय किंवा पनवेल, बुलढाणा, भंडारा इथली शासकीय अध्यापक महाविद्यालये घ्या. तिथल्या आणि विनाअनुदानित महाविद्यालयातल्या शुल्कात मोठा फरक असतो, म्हणून चांगले गुण असलेले सगळे तिकडेच धावतात. दुसरीकडे, आडगावच्या काही विनाअनुदानित महाविद्यालयांत शेवटच्या फेरीनंतरही जागा रिकाम्या राहतात. आपल्याला कोणती जागा मिळते, यावर दोन वर्षांचा खर्च बराचसा ठरतो. म्हणून आधी पसंतीक्रमाचा प्रश्न घेतो.

प्रश्न : माझी सीईटी झाली आहे, गुण मध्यम आहेत. ओबीसी प्रवर्ग, बी.ए.ला ४७ टक्के. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना काय पाहावे? मैत्रिणी सांगतात, मिळण्यासारखी महाविद्यालये वर टाक, नाहीतर काहीच मिळणार नाही.
— एक वाचक, परभणी

मैत्रिणींचा सल्ला मानू नका. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्यात, तुमच्या गुणवत्ता क्रमांकानुसार यादी वरून खाली तपासली जाते आणि जी पहिली जागा शिल्लक सापडते ती दिली जाते. पहिल्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय टाकले म्हणून पाचव्या क्रमांकावरच्या महाविद्यालयाची संधी कमी होत नाही. उलट सोपे महाविद्यालय वर टाकले तर तेच मिळते आणि त्याहून चांगले हातचे जाते. क्रम लावायचा तो फक्त तुम्हाला जिथे शिकायचे आहे त्या इच्छेने. अंदाज वापरायचा तो यादी किती लांब ठेवायची हे ठरवण्यासाठी. मागच्या वर्षीच्या फेरीनिहाय याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातला तुमचा प्रवर्ग आणि तुमची अध्यापन पद्धती, म्हणजे शाळेत जो विषय शिकवायचा तो, पाहा, खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून घाबरू नका. तीन-चार महाविद्यालये टाकून थांबणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ज्या महाविद्यालयात जायचेच नाही ते यादी भरायला टाकणे ही दुसरी.

तुमच्या पत्रातली खरी धोक्याची जागा मात्र वेगळी आहे. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के लागतात आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४५. तुम्ही ४७ वर आहात, म्हणजे तुमची पात्रताच प्रवर्गावर उभी आहे. नॉन-क्रीमी लेयर किंवा जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दाखल झाले नाही तर तुम्हाला खुल्या प्रवर्गात ढकलले जाईल, आणि तिथे ४७ टक्क्यांवर तुम्ही यादीतूनच बाहेर पडाल. जातीचा दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची दरवर्षी इथेच फसगत होते. दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. वैधतेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला महिने लागू शकतात. नॉन-क्रीमी लेयरवर ती कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालेल ते छापलेले असते. ती तारीख प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरची, म्हणजे प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चची हवी, मागची संपलेली चालत नाही. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. पदवीवर एक नाव आणि आधारवर दुसरे असले की छाननीत अर्ज परत येतो.

आणखी एक दार आहे. पदवीला कमी टक्के असतील पण पदव्युत्तर पदवीला ५० किंवा जास्त असतील तर त्यावरही पात्रता धरता येते. एम.ए. झाले असेल तर त्या गुणपत्रिका जरूर जोडा.

आता अंतर. शुल्क कमी म्हणून लांबचे महाविद्यालय घेण्याआधी वही काढून हिशोब करा. समजा लांबच्या महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला १५,००० रुपयांनी कमी आहे आणि एसटीचे जाण्याचे भाडे ७० रुपये आहे. जाऊन-येऊन १४० रुपये. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजे एनसीटीईच्या नियमांनुसार वर्षात किमान २०० दिवस काम चालते, म्हणजे प्रवासाचे २८,००० रुपये झाले. १५,००० वाचवायला २८,००० मोजले, वर्षाला १३,००० तोटा. पण महाविद्यालयाच्या बोनाफाइडवर एसटीचा विद्यार्थी पास काढला तर ६६.६७ टक्के सवलत मिळते, आणि तोच प्रवास सुमारे ९,३०० रुपयांत बसतो. मग लांबचे महाविद्यालय वर्षाला जवळपास ५,७०० रुपयांनी स्वस्त पडते. त्या मार्गावर पास चालणारी गाडी महाविद्यालयाच्या वेळेला आहे का, हे आगारात जाऊन विचारा. नसेल तर वडाप किंवा रिक्षाचा खर्च येतो आणि हिशोब पुन्हा उलटतो.

प्रश्न : सीईटी पुन्हा देणार आहे. मागच्या वेळी बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत वेळ गेला आणि बाकीचे राहिले.
— एक वाचक, यवतमाळ

१०० प्रश्न, ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मानसिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. सामान्य ज्ञानाचे उत्तर येते किंवा येत नाही, तिथे थांबून उपयोग नाही. हे ३० प्रश्न दहा-बारा मिनिटांत उरकतात. अभियोग्यतेत प्रसंग वाचायचे असतात, त्याला वीस मिनिटे ठेवा. उरलेली जवळपास तासभराची वेळ ४० मानसिक क्षमतेच्या प्रश्नांना मिळते, म्हणजे प्रत्येकी दीड मिनिटाच्या आसपास. तुमच्याकडून हे उलट्या क्रमाने झाले. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अभियोग्यतेच्या प्रश्नांत मुलाला शिक्षा, अपमान किंवा पालकांना धाक असा पर्याय दिसला तर तो बहुधा बाद करता येतो. मूल का तसे वागते हे समजून घेणारा पर्याय शोधा.

प्रश्न : कॅपमधून जागा मिळाली. महाविद्यालयाने सांगितलेली रक्कम ऐकून हादरलो. शुल्क वेगळे, "इतर शुल्क" वेगळे, दोन्ही वर्षांचे आताच भरा आणि मूळ कागदपत्रे जमा करा, असे म्हणतात. यातले बरोबर किती?
— एक वाचक, सोलापूर

विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क महाविद्यालय स्वतः ठरवत नाही. २०१५ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयाचा खर्च तपासून ते मंजूर करते. मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाच्या नावाने आणि वर्षानुसार दिसतो. त्यात शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. महाविद्यालयात जाण्याआधी ते पान छापून घ्या आणि लेखा विभागात तेच पान समोर ठेवून बोला. तोंडी वाद घालण्यापेक्षा याचा परिणाम वेगळा होतो.

विद्यापीठाचे परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क वेगळे असू शकते, कारण ते विद्यापीठाकडे जाते. पण "ग्रंथालय", "प्रयोगशाळा", "प्रवेश प्रक्रिया" अशी नवी शीर्षके काढून मंजूर शुल्काच्या वर रक्कम घेणे बरोबर नाही. मंजूर शुल्कापेक्षा जास्त घेणे हे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. गणवेश, शैक्षणिक सहल, पाठ टाचणाच्या वह्या यांसाठी "आमच्याकडूनच घ्या" असा आग्रह झाला तर लेखी मागणी करायला सांगा. लेखी म्हटले की बऱ्याच मागण्या तिथेच गळतात.

दोन्ही वर्षांचे शुल्क एकदम मागणे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणात स्पष्ट केले आहे की, एका वेळी एका सत्राचे किंवा एका वर्षाचेच शुल्क घेता येते. मूळ कागदपत्रांबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे परिपत्रक आहे : तपासून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. या कागदांवर अडून बसायला कारण आहे. पुढच्या फेरीत चांगली जागा मिळाली किंवा घरच्या अडचणीमुळे प्रवेश रद्द करावा लागला, तर कागद ज्याच्याकडे तो तुम्हाला अडवू शकतो.

रोख पैसे देऊ नका. ऑनलाइन किंवा धनादेशाने भरा, प्रत्येक शीर्षकाची छापील पावती घ्या. पावती देत नाहीत ती रक्कम भरायचीच नाही. तक्रार करायची तर प्राधिकरणाकडे मंजूर शुल्काचे पान, मागणीचे पत्र आणि पावती असे तीन कागद जोडा. पावतीशिवायच्या तक्रारीत फारसे काही होत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

प्रश्न : मुलगी आहे, वडिलांचे उत्पन्न साडेतीन लाख, एसईबीसी प्रवर्ग. शुल्क माफ होते असे ऐकले. मग महाविद्यालय पूर्ण शुल्क का मागते? आणि संस्था स्तरावरील फेरीत जवळच्या महाविद्यालयात जागा मिळते आहे, घेऊ का?
— एक वाचक, बीड

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळते. आधी ते ५० टक्के होते. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिकवणी शुल्क मिळते.

या सवलतीची अट आहे की प्रवेश कॅपमधून झालेला असावा. संस्था स्तरावरची किंवा व्यवस्थापन कोट्याची, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती जागा घेतली की सवलत गेली. जवळचे महाविद्यालय सोयीचे वाटते, पण दोन वर्षांचे पूर्ण शुल्क खिशातून जाणार असेल तर ती सोय फार महाग पडते. कॅपमधली लांबची जागा आणि वसतिगृह असा पर्यायही हिशोबात घ्या. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्जही शुल्क सवलतीसारखाच महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो.

महाविद्यालय पूर्ण शुल्क मागते कारण शासनाकडून पैसे उशिरा येतात आणि उशिराचा भार ते विद्यार्थ्यावर टाकते. पात्र विद्यार्थ्याकडून शिकवणी शुल्क आधी वसूल करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. प्रवेशाच्या दिवशी उत्पन्नाचा दाखला, प्रवर्गाचा कागद आणि कॅपचे जागावाटप पत्र दाखवून "शिष्यवृत्तीस पात्र" अशी नोंद मागा. विकास शुल्क आणि इतर किरकोळ रक्कम मात्र भरावी लागेल, कारण माफी शिकवणी आणि परीक्षा शुल्काची आहे. बऱ्याच जणांना "शुल्क माफ" म्हणजे शून्य रुपये असे वाटते आणि ऐन वेळी पंचाईत होते.

महाडीबीटीवर पैसे अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बँक खाते आधारशी जोडलेले असते, पण लाभ कोणत्या खात्यात जमा होतो ते वेगळे ठरते. शेवटच्या वेळी आधार ज्या बँकेशी जोडले तिथे पैसे जातात. बँकेत जाऊन आधार सीडिंगची स्थिती तपासा. दुसरे, तुम्ही अर्ज भरला तरी महाविद्यालयाच्या लिपिकाने तो पुढे पाठवावा लागतो. "महाविद्यालय स्तरावर प्रलंबित" असे दिसत असेल तर दर आठवड्याला विचारत राहा. तिसरे, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, तो आपोआप होत नाही. शाहू महाराज शिष्यवृत्तीचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळतो, हेही अर्जाआधी घरात तपासा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ज्या केंद्रीय पोस्ट मॅट्रिक योजनेतून मदत मिळते तिच्यासाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो महाविद्यालयाला सात दिवसांत भरायचा असतो. ही रक्कम घरखर्चात गेली की पुढच्या वर्षाचा प्रवेश आणि गुणपत्रिका अडते. खाते वेगळे ठेवा.

प्रश्न : खासगी शाळेत शिकवतो, पगार सोडता येत नाही. शेजारच्या राज्यातल्या एका महाविद्यालयाचा एजंट म्हणतो, हजेरी लागत नाही, परीक्षेला या. घेऊ का?
— एक वाचक, नांदेड

नका घेऊ. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत अभ्यासक्रमाच्या कामाला ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवस होतात, म्हणजे नऊ दिवसांपेक्षा जास्त सुट्टी घेता येत नाही. बिनहजेरीची पदवी म्हणजे हजेरीपट खोटा. नोकरीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते, आणि त्याच काळात तुम्ही महाराष्ट्रातल्या शाळेत रोज मस्टरवर सही करत होता हे त्या शाळेच्याच नोंदींतून समोर येते. एजंट तेव्हा कुठेच नसतो.

महाविद्यालय कुठलेही असो, पैसे भरण्याआधी त्याची एनसीटीई मान्यता तपासा. कामगिरी मूल्यांकन अहवाल न भरल्यामुळे २०२५ मध्ये देशभरातल्या अनेक महाविद्यालयांची मान्यता काढली गेली. फलक तसाच लटकलेला असतो. मंजूर प्रवेशसंख्याही पाहा : एक तुकडी ५० विद्यार्थ्यांची असते. एकाच तुकडीला मान्यता असेल आणि तुमचा प्रवेश ५१ वा असेल तर विद्यापीठ नोंदणीच होत नाही.

तुम्ही डी.एड. झालेले असाल आणि सेवेत असाल तर दूरशिक्षणाचा सरळ मार्ग आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे बी.एड. आधीच प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठीच आहे. अप्रशिक्षित असाल तर नियमित बी.एड.ला पर्याय नाही. ते प्रवेशापासून तीन वर्षांत पूर्ण करता येते, त्यामुळे मध्ये एखादे सत्र सुटले तरी सगळे वाया जात नाही.

प्रश्न : दीड लाखाचे शैक्षणिक कर्ज घेऊन बी.एड. करावे का?
— एक वाचक, सांगली

चार लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण आणि स्वतःचा हिस्सा लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता थांबवता येतो. व्याज मात्र थांबत नाही. व्याजदर ९.५ टक्के धरून आणि ७५,००० रुपये दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला उचलले असे समजून हिशोब केला तर हप्ता सुरू होईपर्यंत साधे व्याजच सुमारे ३५,६०० रुपये होते. ते तेव्हाच फेडत गेलात तर पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे ३,१५० रुपये बसतो. न फेडता मुदलात मिळवले तर सुमारे ३,९००. म्हणून शिकताना निदान व्याज भरत राहा. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना पाहा, पण महाविद्यालयाला नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषद) मूल्यांकन असावे लागते. हे प्रवेशाआधी विचारायचे, नंतर नाही.

परतफेड कशातून होईल तेही मांडून ठेवा. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून माध्यमिक शाळेत निवड झाली तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा १८,००० रुपये मानधन असते. त्यातून हप्ता जाऊ शकतो. पण भरती ठरावीक वेळी होत नाही. या भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली आणि मग २०२५ मध्ये. मधल्या काळात घर कसे चालेल याचे उत्तर तुमच्याकडे असेल तरच कर्ज घ्या. आणि अध्यापन पद्धती निवडताना "सोपी कोणती" हे विचारू नका. तुमच्या पदवीच्या विषयाच्या जागा मागच्या भरतीच्या जाहिरातींत किती होत्या ते पाहा.

प्रश्न : बी.एड. एक वर्षाचे होणार म्हणे. थांबू का? आणि पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. सुचवले आहे. तुमची पदवी तीन वर्षांची असेल आणि एम.ए. नसेल तर हा मसुदा तुमच्या कामाचाच नाही. एम.ए. असेल तरी मसुद्याच्या भरवशावर प्रवेश सोडू नका.

पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला हे स्पष्ट केले. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) लागते. बी.एड.वर सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन द्यावा लागतो : १५० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. प्रमाणपत्र आता आजीवन चालते, त्यामुळे बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातच तयारी सुरू करणे फायद्याचे.

प्रश्न : गोव्यात राहते, अनुसूचित जमाती प्रवर्ग, पदवीला ४८ टक्के. कोल्हापूरला बी.एड. करता येईल?
— एक वाचक, फोंडा

४८ टक्क्यांवर नाही. प्रवर्गाची सवलत महाराष्ट्रातल्या उमेदवारांपुरती आहे. इतर राज्यांच्या उमेदवारांना खुल्या प्रवर्गाचे ५० टक्केच लागतात, आणि महाडीबीटीच्या योजनाही महाराष्ट्राच्या अधिवासावर मिळतात. पदव्युत्तर पदवीला ५० टक्के असतील तर अर्ज करता येईल, पण पूर्ण शुल्क भरण्याची तयारी ठेवून. त्यापेक्षा आधी गोव्यातच प्रयत्न करा. फोंड्यात आणि पणजीत बी.एड. महाविद्यालये आहेत, आणि तुमच्या जमातीच्या दाखल्याचा उपयोग होईल तो तिथेच.